बिननावाच्या चिठ्ठ्या

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलीच तर हसू नये.

मी तारापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. जवळच्या पाम गावाहून चालत जाते. आठ तास उभ्यानं खोकी भरायची. गेल्या वर्षी साहेबलोकांना आमच्या मनावरच्या ताणाची काळजी वाटायला लागली. व्यायाम घ्यायला मुंबईहून एक मॅडम येऊ लागल्या. आठच्या आधी वीस मिनिटं गेटच्या आत उभं राहायचं, मान फिरवायची, खांदे उचलायचे, शेवटी हात वर करून मोठ्यानं हसायचं. हजेरीचा अंगठा त्यानंतर. म्हणजे ती वीस मिनिटं फुकट.

आमच्या टेबलावरची सगळ्यात मोठी बाई आधी सुकी मासळी विकायची. तिला आम्ही मावशी म्हणतो. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, हसायचे पैसे लावनार काय?"

"मावशी, हसायला कुठे पैसे लागतात?"

"मंग लावा की हजेरी!"

त्या दिवशी आम्ही खरं हसलो, तेवढंच.

महिन्याभरानं मॅडमनी एक पेटी ठेवली. काय त्रास होतो ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, कोणाला कळणार नाही, म्हणाल्या. टेबलावर आम्ही पाच जणी आणि लिहिता येतं ते मला एकटीला.

"बाय, तूच लिव," मावशी म्हणाली. "लिव, पायाला गोले येतात, बसाया स्टूल द्या."

दुसरीनं सांगितलं, व्यायामाची वीस मिनिटं हजेरीत धरा. तिसरीचं म्हणणं, मुतारीला गेलं की सुपरवायझर घड्याळ बघतो. चौथीचं, पगार वेळेवर द्या. शेवटी मी माझी चिठ्ठी घेतली. माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. ते लिहायला गेले आणि भीती वाटली. 'मला काही त्रास नाही' असं लिहून घडी घातली.

तीन दिवसांनी सुपरवायझर पाचही चिठ्ठ्या घेऊन टेबलाशी आला. भरलेल्या खोक्यांवर आकडे आणि मालाचं नाव मीच घालते. माझं अक्षर तो रोज बघतो.

"ये पाँचों तेरी हैं?"

मी खाली बघत राहिले. चौघी खोकी भरत होत्या, मावशीसुद्धा. एकीनंही मान वर केली नाही.

"तेरे को टेन्शन बहुत है. छह दिन घर पे आराम कर."

सहा दिवसांचा पगार गेला. मुलीच्या शिकवणीची फी राहिली. कामावर परत घेतात की नाही, या विचारात ते दिवस गेले. सातव्या दिवशी घेतलं, कारण खोक्यांवर लिहायला दुसरं कोणी मिळालं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मावशी जवळ येऊन बसली. "तुजे चारशेनं चोवीसशे गेले. आमी चौघी सहाशे-सहाशे भरतो."

"राहू दे, मावशी."

"राहू दे काय? गप घे."

'आम्ही बोलायला हवं होतं' एवढं एक जरी म्हणाली असती, तर मी सगळे पैसे सोडले असते. पण मी तसं सांगितलं नाही आणि कोणी म्हणालंही नाही. तिघींनी पगाराच्या दिवशी दिले. मावशीला एकदम जमलं नाही, तिनं दोन-दोनशे करून तीन महिने लावले. तोवर ती रोज माझ्याशी गोड बोलायची. डब्यातली बोंबलाची चटणी आधी मला द्यायची.

स्टूल आलं नाही. व्यायाम चालू आहे.

या पगाराला मावशीनं व्यायामाच्या रांगेतच शेवटचे दोनशे माझ्या हातात कोंबले.

"झाले ना पुरे?"

"झाले."

मॅडम हात वर करायला सांगत होत्या. मावशी माझ्या शेजारून निघून पुढच्या रांगेत गेली. मी नोटा ब्लाउजमध्ये घातल्या आणि डावा हात वर केला. पैसे पूर्ण फिटले.