उस्तादांनी न मोजलेले गिअर

मी तापट माणूस. आता वयानं थोडा निवलो, पण तेव्हा डोक्यात राख घालून घ्यायला मला कारणही लागत नसे. माझ्या उस्तादांचं म्हणणं असं, की ड्रायव्हरचा राग तोंडावाटे निघाला तर एक वेळ चालतं, पण पायात उतरला की बसलेल्यांचं वाटोळं. "तुहा राग क्लचात जाते बे," असं ते मला दिवसातून दहा वेळा ऐकवायचे.

उस्ताद म्हणजे चंद्रपूरचे जुने जीपवाले. ऊर्जानगरपासून कोरपन्यापर्यंत आणि तिकडं सूरजागडच्या पायथ्यापर्यंत त्यांनी सवाऱ्या वाहिलेल्या. मी राजुऱ्याकडचा, कास्तकाराच्या घरातला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. वावरात मन रमेना म्हणून त्यांच्याकडं गाडीवर लागलो होतो. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्याच घरी जेवायचो आणि त्यांच्या बायकोच्या, चाचीच्या हातची खिचडी खाऊन वर त्यांच्याशीच भांडायचो.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील, उस्तादांनी जुनी जीप काढून टर्बोवाली गाडी घेतली. जुनी जीप म्हशीसारखी होती, पाय खोल दाबावा तेव्हा कुठं हलायची. ही निराळी. पाय दाबला की आधी काहीच नाही, वाटायचं ऐकतच नाही. मग टर्बो उठला, म्हणजे त्याचा पंखा इंजिनात हवा कोंबायला लागला, की एकदम सुटायची. गिअर लवकर टाकला तर दम तुटायचा, उशिरा टाकला तर इंजिन बोंबलायचं. मध्ये एक नेमकी जागा होती. तिथं, टर्बो उठलेला असतानाच, क्लच दाबून गिअर बदलून पाय असा सोडायचा की वेगही तुटू नये आणि मागच्याला कळूही नये. उस्तादांना ती जागा आठवड्याभरात सापडली. माझा पाय मात्र जुन्या जीपच्याच सवयीचा.

माझी परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत होती. रिकामं परतताना ते मागं आडवे व्हायचे, तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा ओढायचे आणि डोळे मिटून मोजायचे. गिअर बदललेला अंगाला कळला की दुपट्ट्याखालून आवाज यायचा, "दुसरा." मग, "तिसरा." नाही कळला तर गप्प. गप्प म्हणजे पास. कोरपना ते चंद्रपूर मी एकदाही गप्प नेऊ शकलो नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही कोरपन्याजवळच्या एका गावात गेलो होतो. एका कास्तकाराच्या लेकीचं आंदण पोचवायचं होतं. पलंग, गादी, भांड्यांच्या पेट्या. पलंग खोलून ओट्यावर ठेवलेला. अंगणात सगळं गाव जमलं होतं आणि उस्तादांना नेमका तेव्हाच विनोद सुचला. "हा पोरगा गाडी चालवत नाई," ते लोकांना म्हणाले, "गाडीले उड्या शिकवून राह्यला." सगळे फिदीफिदी हसले, बायासुद्धा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

उस्ताद पेट्या बांधायला गाडीच्या टपावरच्या कॅरिअरवर चढले होते. ओट्यावरून गाद्या घ्यायला गाडी जराशी पुढं हवी होती. आमच्याकडं असं सगळेच करतात, वर माणूस उभा आणि खाली गाडी सरकवायची. "ले, थोडी पुढं घे," ते वरून म्हणाले, "उडी नको मारू." पुन्हा हशा.

मी पहिला टाकला. पाय दाबला, गाडी हलली नाही. रागात होतो, अजून दाबला आणि क्लच सोडून दिला. गाडी हिसका मारून हातभर पुढं गेली. वरून पेटी पडल्याचा आवाज आला. तोंड वळवलं तर पेटी नव्हती. उस्ताद ओट्याच्या दगडी काठावर पाठीवर पडून खाली घसरले होते.

गावातले डॉक्टर धावत आले. त्यांनी तळपायांना सुई टोचून पाहिली. "कळते का?" उस्ताद म्हणाले, "उजव्याले कळते. डाव्याले नाई." डॉक्टर उठून मला बाजूला घेऊन म्हणाले, "मणका दिसते. उशीर केला तं पाय जातील. अन् रस्त्यात गाडी आदळली तरी जातील." दुसरी गाडी बोलवायची तर दोन तास.

त्या कास्तकारानं लेकीच्या नव्या पलंगाची फळी उचलली. तिच्यावर उस्तादांना बांधून गाडीत सरळ ठेवलं आणि तो स्वतः त्यांचं डोकं दोन हातांत धरून बसला. मी किल्ली त्याच्यापुढं केली. "कोणाले तरी बोलवा. माह्या हातून नाई होणार."

"चाल," मागून उस्ताद म्हणाले. "तूच चाल. अन् माहा दुपट्टा दे. मोजतो मी."

"पहिला," गाडी हलली तसे ते म्हणाले. मग, "दुसरा." गावची वाट संपेपर्यंत त्यांनी पाच वेळा गिअर मोजले. डोळ्यांत पाणी येऊन रस्ता दिसेना. मी बाहीनं तोंड पुसलं आणि स्वतःलाच शिवी दिली. रड नंतर, भाड्या, आधी पाय सांभाळ.

डांबरी रस्ता लागला. तिसऱ्यात थांबलो, आवाज भरू दिला. क्लच, चौथा, पाय सावकाश. मागून काहीच नाही. गडचांदूरजवळ सिमेंटचे ट्रक रांगेनं. ब्रेकरच्या आधी वेग उतरवून दुसरा, पार झाल्यावर तिसरा. तरी काहीच नाही. एका ट्रकवाल्यानं मुद्दाम वाट अडवली. एरवी मी उतरून त्याची गचांडी धरली असती. तो राग मी गिळला, खरंच गिळला. जागा मिळाली तशी टर्बो उठवून, चौथा टाकून अलगद पुढं काढली.

"उस्ताद?" मी हाक मारली. उत्तर नाही. आरशात त्या कास्तकाराचे डोळे माझ्यावर होते. "अहो, आहेत ना ते?"

"श्वास चालू हाये," तो म्हणाला. "तू समोर पाह्य."

राजुऱ्यापुढं वर्धेच्या पुलावर एक बैलबंडी आडवी आली. हॉर्न वाजवला तर बैल बिथरतील, म्हणून सगळा पूल तिच्या मागं दुसऱ्यात काढला. घड्याळाकडं बघायची हिंमत नव्हती. पुढं बल्लारपूर गेलं. मागं तसंच गप्प. आणि खोटं कशाला सांगू, एवढ्या वाईट वेळीही मला जरासा गर्व वाटला. दुपट्ट्याखाली उस्ताद गप्प आहेत. मी पास होतोय.

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्यांना उतरवलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. मी किल्ली फिरवायला गेलो तर पुटपुटले, "मिनिटभर चालू ठेव. टर्बो थंडा होऊ दे." डॉक्टरांनी विचारलं, कसे पडलात? "माहाच पाय घसरला," ते म्हणाले. मी तिथंच उभा होतो. खरं काय ते मी सांगितलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

ऑपरेशन झालं. वेळेत आणलं म्हणून उजवा पाय पूर्ण वाचला. डाव्यात जोर आला नाही. डावा, म्हणजे क्लचचा.

आठवड्यानं धीर करून मी चाचीला सगळं खरं सांगितलं. ती उठून आत गेली आणि धुतलेला दुपट्टा आणून माझ्यापुढं उलगडला. मधोमध तो जागोजागी फाटला होता. दातांनी. "रस्ताभर तोंडात कोंबून होते," ती म्हणाली. "डोकं धरून बसलेल्या त्या भाऊनं सांगितलं मले. त्याले बोलू देल्लं नाई यांनी."

मी दुपट्टा घेऊन उस्तादांच्या खाटेजवळ गेलो. ते छताकडं बघत पडले होते.

"काऊन नाई मोजले?"

"मोजले ना. समदे मोजले, मनातल्या मनात," ते म्हणाले. "आवाज काढला असता तं तुहा पाय चुकला असता बे. अन् गाडीत मी होतो."