पुढं नुसती नावं

फोन आला तेव्हा मी गावी, भाच्याच्या हळदीत होते. हात हळदीने माखलेले, म्हणून बहिणीनेच फोन माझ्या कानाला लावून धरला. समोरच्या निर्मलाताईंची लेक प्रज्ञा बोलत होती. "मावशी, आई सकाळी गेली. तुम्ही घाई करू नका, तुम्ही पोचेपर्यंत सगळं होऊन जाईल." मी "बरं" म्हणाले. मांडवात गाणं चालू होतं आणि बहीण हातवारे करून विचारत होती, काय झालं, काय झालं...

त्या लग्नाला मी जाणारच नव्हते. निर्मलाताईंनीच मागे लागून पाठवलं. "माल मी बघते. तू जा, चांगली राहून ये. भाचा काय रोज लग्न करतो का?" निघाले त्या दिवशी त्या जिन्यापर्यंत आल्या. एरवी कधी यायच्या नाहीत, दारातूनच हात करायच्या. मी दोन पायऱ्या उतरून मागे बघितलं तर अजून उभ्याच. मला वाटलं, पिशवीत काही ठेवायचं राहिलं की काय. विचारलंसुद्धा. "काही नाही गं, जा," म्हणाल्या.

रहाटणीत ताईंचं आणि माझं दार समोरासमोर. आम्ही लातूरकडचे. मालक चाकणच्या कंपनीत होते, एकदा सकाळच्या शिफ्टला निघाले ते बसच्या थांब्यावरच कोसळले. त्यानंतर पोटासाठी मी घरी बसून वॉशरचं काम घेतलं. साच्यातून निघालेल्या रबरी वॉशरच्या कडेला जास्तीचं रबर राहतं, ते ब्लेडने कापून काढायचं. टेम्पोवाला पोती टाकून जातो आणि झालेला माल घेऊन जातो. निर्मलाताई एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या, रिटायर झालेल्या, पेन्शनवाल्या. त्यांना या कामाची काही गरज नव्हती. पण एक दिवस मी दारात बसून वॉशर कापत होते, तर म्हणाल्या, "एकटी काय बसतेस, आमच्याकडं ये. टीव्ही तरी बघू." आणि मी गेले तर स्वतःच ब्लेड घेऊन शेजारी बसल्या. माझ्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून. तीच त्यांची जागा झाली, आणि पुढे टेम्पोवाला त्यांच्या नावाचंही एक पोतं टाकायला लागला.

मला वाटलं मराठी सिरीयल लावतील. त्या म्हणाल्या, "छे, त्यात बायका नुसत्या रडतात. आपण विलायती बघू." विलायती म्हणजे इंग्लंड आणि अमेरिका दोन्ही. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं ओ की ठो कळेना. मी तसं सांगितलं, तेही हळूच. तर म्हणाल्या, "कळायला कशाला पाहिजे? तू माल बघ. लोक हसले की मान वर कर." खरंच, त्या विनोदी कार्यक्रमांत दिसत नसलेली माणसं हसतात. हातात ब्लेड असताना नजर वॉशरवरच ठेवावी लागते, म्हणून ते हसणंच आमची घंटा झालं. हशा आला की हात थांबवायचा, मान वर, तोवर ताई काय झालं ते सांगून मोकळ्या. एक बस डेपोचा जाडा मॅनेजर होता, त्याला आम्ही जगतापसाहेब म्हणायचो. इंग्लंडातले दोन बिनलग्नाचे म्हातारे भाऊ होते, चहाचं दुकान चालवणारे, ते थोरला आणि धाकटा. ताई सांगायच्या, "थोरला म्हणतोय, पाण्याचा टँकर आला नाही, तुझी अंघोळ राहिली की दुकानात गिऱ्हाईक थांबत नाही." मी पोट धरून हसायचे. मला हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय. त्या तो ओढायच्या. "मंगल, इथं कोण आहे तुला बघायला? मोठ्यानं हस."

पुढे प्रज्ञाने सांगितलं, "मावशी, आईला त्यांचं बोलणं निम्मंसुद्धा कळायचं नाही. ऑफिसातलं इंग्रजी वेगळं. ती मनानंच सांगायची." इंग्लंडात पाण्याचा टँकर कुठून येणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ते मी माफ केलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याचं.

विनोदी कार्यक्रम संपले की कधी कधी सिनेमा लावायचो. सिनेमात ती हसणारी माणसं नसतात, म्हणून तिथं ताई कोपराने ढोसायच्या, "बघ." सुरुवातीला असाच एक अमेरिकेचा सिनेमा लागला. एक बाप बंदरावर उशिरा पोचतो, बोट निघून जाते, आणि त्याची मुलगी बोटीतून हात हलवत राहते. तिला वाटतं बाप गर्दीत आहे, आपल्याला बघतोय. मला काय झालं कोण जाणे. मालक गेले तेव्हा लोकांसमोर मला रडता आलं नव्हतं, ते सगळं त्या मुलीपाशी आलं. डोळ्यांपुढे काही दिसेना आणि ब्लेड बोटात गेलं. टाके पडले. ताईंनी रिक्षातून नेऊन आणलं, वाटेत माझं बोट त्यांनी आपल्या पदरात गच्च धरून ठेवलं होतं. रात्रीचा भातही त्यांनीच भरवला. मी म्हटलं, "सिनेमा होता हो ताई, उगाच रडले." त्यांनी पुढचा घास केला.

तेव्हापासून सिनेमा संपत आला की त्या रिमोट उचलायच्या आणि बंद करायच्या. "हं, झालं. पुढं नुसती नावं येतात." नावं कुणाची, तर काम करणाऱ्यांची. इंग्रजीत. ती काय बघायची? मी वॉशर गोळा करायचे, त्या चहा टाकायच्या. किती वर्षं आम्ही असंच केलं.

गेल्या काही महिन्यांत ताई बारीक झाल्या होत्या. विचारलं तर, "प्रज्ञानं डायट करायला लावलंय." सारख्या वाकडला प्रज्ञाकडे जायच्या, नातवाला सांभाळायला म्हणून. वॉशर मांडीत घेऊन नुसत्या बसायच्या. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. हशा आला की मात्र सांगायच्या. आवाज बारीक झाला होता, पण थोरल्या-धाकट्याचं भांडण तसंच रंगवायच्या.

गावाहून परतले ती ताईंच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, मी मागे, बायकांत बसले होते. बुद्धवंदना झाली, दोन-चार जण बोलले. शेजारी खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी लता होती. ती म्हणाली, "सुटल्या बिचाऱ्या. पोटातल्या गाठीनं फार हाल केले." मी म्हटलं, "कसली गाठ?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे, तुम्हाला ठाऊक नव्हतं? सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं." दूधवाल्याला ठाऊक होतं. टेम्पोवाल्याला ठाऊक होतं, म्हणून तो ताईंच्या पोत्यात माल कमी टाकायचा. समोरच्या दाराला तेवढं ठाऊक नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी प्रज्ञाला गाठलं. मला असं विचारता येत नाही कुणाला, पण विचारलं. ती रडायला लागली. "आईनंच सगळ्यांना बजावलं होतं, मावशी. म्हणाली, मंगलला सांगू नका. तिला शेवट सोसत नाहीत. डॉक्टरांनी आता थोडेच दिवस म्हटल्यावर तिनं तुम्हाला लग्नाला पाठवलं."

टीव्ही आणि रिमोट प्रज्ञाने मला दिला. रिमोटला अजून प्लॅस्टिकची पिशवी आहे, आणि ती निसटू नये म्हणून ताईंनी आमच्यातलाच एक मोठा वॉशर त्यावर चढवलेला आहे. परवा दुपारी एक सिनेमा लागला. इंग्लंडातली एक लाँड्रीवाली बाई आणि तिच्याकडे रोज पत्ते खेळायला येणारा म्हातारा. आम्ही बघितलेला. शेवटी ती चहाचं आधण ठेवते, जिन्यावर पावलं वाजतात, तिथं ताईंनी बंद केला होता. "आला बाई एकदाचा. आता बसतील खेळत," म्हणाल्या होत्या. किती दिवस ते दोघं माझ्या डोळ्यांपुढे पत्ते खेळत होते... परवा मी बंद केला नाही. दार उघडलं आणि आत दुसराच माणूस आला, हातात त्या म्हाताऱ्याची टोपी घेऊन.

मी रडले नाही. मला राग आला. टोपी घेतल्यावर ती बाई पत्ते गोळा करते, एका कपातला चहा परत भांड्यात ओतते. भाषा कळायची गरजच नव्हती. ताई, यातलं काय मला सोसलं नसतं? मालकांना थांब्यावरून घरी मी आणलं. त्यांच्या डोळ्यांवर हात मी फिरवला. एकदा ब्लेड लागलं, तेवढ्यावरून तुम्ही ठरवून टाकलं की मंगल कच्ची आहे. मला सांगितलं असतं तर मी हळदीला गेले नसते. तुमच्या उशाशी बसले असते, पाय चेपले असते, रडलेही असते. तुम्ही रडला असतात तर मीही पदर ओढून म्हटलं असतं, इथं कोण आहे तुम्हाला बघायला? दूधवाल्याला दिलात तो शेवट मला द्यायला हवा होता. तो माझा होता.

हे सगळं तोंडावर बोलायची माझी हिंमत कधी झाली नसती. म्हणून लिहिते आहे, कुणाला दाखवायचं नाही.

दुपारी मी अजून टीव्ही लावते. हशा आला की मान वर होते, पण पडद्याकडे नाही, उजवीकडे, भिंतीकडे वळते. जगतापसाहेब काय म्हणाले ते आता कळत नाही. सिनेमा असला तर रिमोटला हात लावत नाही. संपला की काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागतात. तेवढ्यापुरतं ब्लेड खाली ठेवते. एकही नाव वाचता येत नाही. तरी शेवटचं नाव जाईपर्यंत मी बसून राहते, ताई.