ट्रंकांनी बंद केलेलं दार

१९७१ च्या एप्रिलमध्ये मी राजौरीच्या पुढे एका पोस्टवर होतो. सिग्नलचा शिपाई, वायरलेस सेटवर ड्यूटी. आमच्या डिटॅचमेंटमध्ये मराठी असा मी एकटाच. दोन वर्षं सेटवर, जेवणाच्या लंगरमध्ये, तापात पडलो तरीही, मी हिंदीतच बोलत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

आता कॉलेजात माझ्याबरोबर शिकणारी मुलं मला काका म्हणतात. लढाईत भीती वाटली का, असं विचारतात. त्याचं नीट उत्तर मला देता येत नाही. पण सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली, असं विचारलं तर सांगता येतं. रेल्वेत. मुलं हसतात. म्हणून लिहून काढतो आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

फौजीचा प्रवास फुकट असतो, असं लोकांना वाटतं. वर्षातून एकदा रेल्वे वॉरंट मिळायचं, हे खरं. दुसऱ्यांदा घरी जायचं तर कन्सेशनचा फॉर्म आणि बाकीचं भाडं पगारातून. पण भाडं हा त्यातला लहान खर्च. पोस्टवरून खाली फौजी ट्रकांचा कॉन्व्हॉय, मग ट्रान्झिट कॅम्पमध्ये नंबर लागेपर्यंत मुक्काम, मग पठाणकोटहून दिल्ली, दिल्लीहून पुणे, पुण्यात गाडी बदलून रहिमतपूर. प्रवासाचे दिवस सुट्टीत धरत नसत, तरी ते कधी पुरले नाहीत. घरी पोचेपर्यंत माणूस अर्धा झालेला असायचा. पहिले दोन दिवस मी नुसता झोपायचो आणि आई म्हणायची, ह्यो झोपायलाच आलाय.

त्या एप्रिलमध्ये सुट्टीवर निघालो तेव्हा पठाणकोटला फौजींच्या प्रवासाची सोय बघणाऱ्या मूव्हमेंट कंट्रोलच्या ऑफिसने आम्हाला फौजी डबा दिला. गाडीचा शेवटचा डबा, दिल्लीला दुसऱ्या गाडीला जोडून थेट पुण्यापर्यंत जाणारा. तिथे आप्पा भेटले. हवालदार यशवंत माने, पायदळाचे, गाव तासगावकडे. भिलवडी स्टेशनला उतरणार होते. त्यांच्याबरोबर इस्लामपूरचा शंकर होता, त्यांच्याच पलटणीत ड्रायव्हर. आप्पांनी माझ्या ट्रंकेवरचं गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "रहिमतपूर? मग हिकडं बस. वाटेत तूच आधी उतरणार, पर तोवर आमचाच."

डब्याच्या मागच्या टोकाला, दाराजवळच्या बाकांवर आम्ही जागा धरली. डब्यात आप्पाच सीनियर, म्हणून ताबा त्यांच्याकडे.

झाशीला गर्दी आत घुसली. फौजी डबा आहे हे ऐकायला कोणी थांबलं नाही. गर्दी उतरली तेव्हा एका डोग्रा शिपायाची ट्रंक गेलेली होती. आत त्याच्या बहिणीच्या लग्नाचं सामान होतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

आप्पांनी ऑर्डर दिली. आमच्या बाजूचं दार आतून कडी लावून बंद. त्याला सगळ्यांच्या ट्रंका टेकवायच्या, वर बिछान्यांचे होल्डॉल. खिडक्यांची शटर खाली. चढउतार फक्त पुढच्या दाराने, तिथे एक माणूस उभा.

"कोण बी ठोकू दे," आप्पा म्हणाले, "ह्यो दरवाजा पुण्याशिवाय उघडायचा न्हाई."

"आणि आमची बायको ठोकायला लागली तर?" शंकरने विचारलं.

"मग तर न्हाईच न्हाई."

भोपाळ गेलं. दुपार तापली. डब्याच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता इतका तो गरम झाला. पाणी संपलं होतं. नर्मदेच्या अलीकडे एका लहान स्टेशनवर गाडी सिग्नलला थांबली. आप्पा झोपले होते, शंकर ट्रंकांवर आडवा होता. मी अंगावर बनियन आणि लुंगी, पायात चप्पल असा उठलो. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या पट्ट्यांनी उजव्या खांद्यात अडकवल्या आणि पुढच्या दाराने उतरलो. तिथला माणूसही पेंगत होता. कोणाला सांगितलं नाही. झोपलेल्यांना उठवायचं कशाला, असं वाटलं.

नळ प्लॅटफॉर्मच्या मागच्या टोकाला होता. शेवटची बाटली भरत असताना गाडी हलली.

मी पळालो. पुढचं उघडं दार तोवर लांब गेलं होतं. हाताला आलं ते मागचं, आमचंच बंद दार. दोन्ही बाजूंच्या दांड्या पकडल्या आणि पायरीवर चढलो. एक चप्पल खाली गेली. गाडीने वेग घेतला.

हात सोडता येत नव्हता. मी गुडघ्याने दार ठोकलं.

"फौजी डिब्बा है," आतून शंकरचा आवाज आला. "आगे जाओ."

"भाईसाब, खोलो," मी ओरडलो. "गिर जाऊंगा."

"सब यही बोलते हैं."

मी पुन्हा ओरडलो. पुन्हा हिंदीतच. मी गावाकडच्या दोन माणसांना हाक मारतो आहे, हे माझ्या डोक्यात येत नव्हतं. दोन वर्षांत तोंडाला जे वळण लागलं होतं तेच बाहेर पडत होतं. आत शंकर आणि आवाजाने जागे झालेले आप्पा ते ऐकत होते आणि ऑर्डरप्रमाणे गप्प होते.

बाटल्यांचं वजन मला मागे ओढत होतं. गाडी वळणावर आली. पुढे नदीवरच्या पुलाच्या लोखंडी कमानी दिसल्या. पुलाच्या पट्ट्या डब्याला किती लागून जातात हे मागच्या सुट्टीच्या प्रवासात मी खिडकीतून पाहिलं होतं. पाठीवरच्या बाटल्या त्यात अडकल्या असत्या.

तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आई गं, मेलो आता."

आत ट्रंक आदळल्याचा आवाज झाला. दाराला लागून असलेल्या खिडकीचं शटर धाडकन वर गेलं. गजांमागे आप्पांचा चेहरा.

"आरं, ह्यो तर आपलाच हाय."

त्यांनी गजांमधून कोपरापर्यंत हात बाहेर घातला आणि माझं डावं मनगट धरलं. मागे वळून फक्त एवढंच म्हणाले, "शंकर, ट्रंका." मग मला म्हणाले, "बाटल्या टाक."

"आप्पा, हात सुटंल."

"डावा माझ्याकडं हाय. उजव्यानं टाक. पूल आलाय."

मी उजवा हात सोडला. एकेक पट्टा खांद्यावरून काढला. बाटल्या खाली रुळांशेजारी पडत गेल्या. शेवटचा पट्टा मानेत अडकला, तो डोक्यावरून ओढून काढला.

"आता पोट दाराला लाव. मुंडकं आत घे. हलू नगं."

आत कोणीतरी साखळी ओढली. गाडी थांबली नाही. ट्रंका लोकांच्या डोक्यांवरून मागे सरकवल्या जात होत्या, कोणाला तरी लागलं, पंजाबीत शिव्या ऐकू आल्या. मग पुलाचा आवाज सुरू झाला आणि बाकी काही ऐकू येईना. पाठीमागून प्रत्येक पट्टीचा वारा बसत होता. मी दाराच्या रंगाकडे पाहत राहिलो. आप्पांचा हात गजावर दाबला गेला होता आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला घासत होता. त्यांनी पकड बदलली नाही.

पूल संपल्यावर दार उघडलं. शंकरने मला बनियनला धरून आत ओढलं. मी ट्रंकेवर बसलो. सुटलेली लुंगी पायांत गुंडाळून घेतली. शंकर माझ्याकडे बघत नव्हता.

आप्पांनी हात आत घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली होती. त्यांनी त्यावर रुमाल गुंडाळला आणि मला विचारलं, "हिंदीत कशाला मरत हुतास रं? आपल्या बोलीत मर की, म्हंजी कळतंय तरी."

मग रुमालाची गाठ आवळत, "आनि पानी कुठाय?"

शंकर आधी हसला आणि मग त्याला रडू आलं. आम्ही दोघं दुसरीकडे बघत बसलो.

आप्पा इटारसीला स्वतः उतरून पाणी घेऊन आले. आल्यावर दाराला पुन्हा ट्रंका लावू दिल्या नाहीत. पुण्यापर्यंत ते स्वतः त्या दाराशी बसून होते. कोणी ठोकलं की उघडून बघायचे आणि मगच नाही म्हणायचे. दोनदा तर नाही म्हणालेच नाहीत. एक म्हातारी आणि तिची शेळी भुसावळपर्यंत आमच्यात बसून आली.

रहिमतपूरला त्यांनी माझी ट्रंक खाली दिली. "भिलवडीला ये कवातरी," म्हणाले. "द्राक्षं लावल्यात भावानं." मी येतो म्हणालो. त्या सुट्टीत जाणं झालं नाही.

डिसेंबरात लढाई झाली. पुढच्या सुट्टीला पठाणकोटच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये शंकर भेटला. चहा घेताना म्हणाला, "आप्पा गेलं, गड्या. लढाईच्या दुसऱ्याच दिवशी." त्या प्रवासात आम्ही दोघं दाराशी बसून आलो.

या वेळी मी रहिमतपूरला उतरलो नाही. तसाच पुढे भिलवडीला गेलो. आप्पांच्या घरी त्यांच्या पत्नी होत्या. मी त्यांना वहिनी म्हणालो. काय बोलायचं हे मी वाटेत ठरवलं होतं, ते आठवेना. मग मी पुलाची हकीकत सांगितली.

त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मला म्हनालं, काटेरी तारंला घासलं. मी रोज हळद लावत हुते. सुट्टी संपंस्तवर."

मग त्यांनी विचारलं, "तुमचं कुठलं मनगट?"

मी डावा हात पुढे केला. त्यांनी हात लावला नाही. नुसता पाहिला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आता मी फौजेतून सुटलो आहे आणि सांगलीच्या कॉलेजात शिकतो. सुट्टीला घरी जाता-येता पॅसेंजरने जातो. सामान ठेवताना लोक मला सांगतात, पिशवी दाराला लावा, बंद राहील तेवढंच. मी लावत नाही. भिलवडी आलं की उठतो, कडी काढतो आणि गाडी सुटेपर्यंत दार धरून उभा राहतो. चढणारं कोणी असेल तर हात देतो. डावाच.