सरांचं पहिलं मत

डॉ. माधव चिंचाळकर सरांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या बसमध्ये झाली. मी नागपूरहून नुकताच आलेलो, सर डुलक्या घेत बसलेले. माझ्या हातातली पोह्यांची पिशवी पाहून म्हणाले, "शेंगदाणे मिळाले का रे? नसतील तर घरी ये." पुढे ते माझे मार्गदर्शक झाले. खरं सांगायचं तर मी सरांना कायम दमलेलंच पाहिलं आहे.

दमायला कारणंही तशीच असत. २००१ च्या उन्हाळ्यात माझा रूममेट अमारो पूर्व तिमोरला घरी गेला होता. त्याच्या स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात घटना लिहिणारी सभा निवडायची होती आणि मतदान ऑगस्टअखेर होतं. इकडे सेमिस्टर सुरू होत होतं. त्याने शिकवायचे वर्ग बुडाले तर असिस्टंटशिप जाणार, म्हणून त्याने भीत भीत सरांना फोन केला. सर म्हणाले, "मत देऊनच ये. वर्ग मी घेतो." विभागप्रमुखांची बोलणी खाऊन, दुखरे गुडघे चोळत, सरांनी त्याचे सगळे वर्ग घेतले.

परतल्यावर अमारोला रांगेशिवाय दुसरा विषय नव्हता. उजाडण्याआधी डोंगर उतरून आलेली माणसं, आजीला खुर्चीसकट उचलून आणणारे नातू. बोलता बोलता त्याने विचारलं, "सर, तुम्ही कुठे मत देता?"

"कुठेच नाही," सर म्हणाले.

भारतात मत द्यायची वेळ येण्याआधीच ते इकडे आले. इथलं नागरिकत्व घ्यायचं तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, आणि ते त्यांच्याच्याने होईना. काकू विषय काढत, सर "पुढच्या वर्षी बघू" म्हणत. अशी वर्षं गेली.

यंदा वसंतात त्यांचा फोन आला. "शपथ घ्यायला जायचंय. ड्राइव्ह करशील? दमलो रे, दोन्ही दारांत पाय ठेवून."

परतताना सर खिडकीबाहेर बघत होते. काकू म्हणाल्या, "रडायचं तर रडून घ्या हो, तो काही परका नाही." सर रडले. मीही रडलो, पण मला गाडी चालवायची होती.

सर, आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो आणि गुडघ्यांनी साथ द्यावी, एवढंच मागणं. अमारो तिमोरच्या राजधानीतून, दिलीहून, सारखा विचारतो, "सरांनी मत दिलं का?" नोव्हेंबरात इथली निवडणूक आहे, रांग लांब असणार. घडीची खुर्ची मी आत्तापासूनच गाडीत टाकून ठेवली आहे.