पक्कं घर

"हिले काऊन घरकुल? हिले त सरकारनं पक्कं घर देल्लं आहे, नागपूरले. भिंती उच्च्या, पहारा फुकट!"

भर ग्रामसभेत उपसरपंच बोलले. सभा हसली. माझा सख्खा भाऊही हसला. मी पॅरोलवर आलेली, घरकुलासाठी माझं नाव नुकतंच वाचलं होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मीही हसले. जेलात सवय लागते. साहेब हसले की हसायचं.

शिक्षा मी भोगते आहे. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पॅरोल हवा तर राहायचं ठिकाण दाखवावं लागतं. पोलीस येऊन बघून जातात. विहारामागच्या जागेवर माझं कुडाचं घर होतं. मी आत असताना ते पावसात बसलं. या खेपेला भावाचा पत्ता दिला. वहिनीनं पोलिसांना तोंडावर सांगितलं, "यावेळी राहू द्या. पुढच्या वेळेले नाई." म्हणजे पुढच्या वेळी घर नाही, तर पॅरोलही नाही. माझी आई भावाच्या ओसरीत खाटेवर पडून आहे. तिला पुन्हा पाहणं घरावर अडलेलं.

सभेच्या आधी सगळे कागद पिशवीत क्रमानं लावून मी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले होते. सुटून आलेल्यांच्या मदतीला सरकारचा निधी असतो, असं आत ऐकलं होतं. कारकुनानं पिशवी उघडूही दिली नाही.

"सुटल्या का तुम्ही?"

"पॅरोलवर आहे."

"मग सुटल्यावर या."

कैद्याला घरासाठी पैसा नाही. घर नाही म्हणून कैद्याला पॅरोल नाही. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल?

सभेत हसणं ओसरलं. ग्रामसेवकानं रजिस्टर पुढं सरकवलं. "बाई, वाद नोका वाढवू. इथी सही करा. भावाच्या नावानं पाहू नंतर."

पेन हातात घेतलं आणि वाचलं. 'अर्जदाराने अर्ज मागे घेतला.'

कधी घेतला? हसले ते, आणि माघार माझी?

मी उपसरपंचांकडं वळले. "भाऊ, मघा बोलले ते लिवा."

"मजाक होती ना बाई!"

"हो ना. मी बी हासली. आता लिवा. जेल हेच हिचं पक्कं घर, म्हणून घरकुल नाई. खाली तुमची सही. मंग माही घ्या."

या वेळी कोणी हसलं नाही. ग्रामसेवकानं रजिस्टर मिटलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

बाहेर भाऊ म्हणाला, "नाक कापलं तुनं माहं. माह्या घराचा पत्ता नोको देऊ आता कोठी."

आईच्या खाटेजवळ बसून तिचे पाय चेपले.

मुदत संपली त्या दिवशी मी जेलच्या फाटकावर हजर झाले. नोंद करणाऱ्या जेलच्या बाईंनी विचारलं, "पुढच्या पॅरोलसाठी पत्ता भावाचाच ना?"

"नाही. विहारामागची माझी जागा."

"घर आहे तिथं?"

"नाही. अर्ज आहे. तो मी मागे घेतलेला नाही. तसंच लिहा."