हौद्यातली माती

ताकात हळद पडली की मला कढीच्या आधी आखाड्याचा वास येतो. वळसंगच्या आमच्या तालमीत तांबड्या मातीत हळद, ताक आणि तेल मुरवायचे. ती माती अंगाला लागली की कसलंही दुखणं जातं, असं सगळे मानायचे.

त्या वर्षी जत्रेत कुस्त्यांनंतर एक खेळ ठेवला होता. माझा थोरला भाऊ, अण्णा, उंच खांबावरून दोरीला लोंबकळत कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरणार होता. दोरी सुटली. तो पडला तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या, कारण त्यांना तोही खेळच वाटला. हलगी वाजतच राहिली.

तालमीचे वस्ताद धावले आणि त्याच्या छातीवर माती चोळू लागले. "माती लावा, उठतंय की पोरगं," म्हणाले.

बायकांनी हौद्यात उतरायचं नसतं. मी उतरले, कुणी अडवलं नाही. मी बराच वेळ अण्णाचे तळपाय मातीनं चोळत बसले.

"वस्ताद, पाय गरम हायती."

"व्हय," म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

कढी उतू जाऊ नये म्हणून मी गॅस बारीक करते. अण्णा पडल्यापडल्याच गेला होता. ती ऊब माझ्याच हातांची होती.