आधीचे इंजिन कसे गेले

नाताळ सरल्यापासून रेनो हिएटाला एका जागी स्थिर बसला नव्हता. जेवताना तो दोनदा उठे. चर्चमध्ये प्रवचन ऐन रंगात असता बोटांनी गुडघ्यावर बोल्टांमधली अंतरे मोजी. वय एकसष्ट, त्यांतली चाळीस वर्षे शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. यंत्रापुढे अधीर होणे हा त्याचा स्वभावच नव्हे. परंतु अंतःकरणात शल्य रुतते, ते माणसाचा स्वभाव विचारून रुतत नाही.

त्याचे वडील आर्वो. त्यांना घरात सारे फिनिश रीतीने 'इसा', म्हणजे बाबा, म्हणत. सत्तर सालची, बर्फावर धावणारी पिवळी स्नोमोबाइल इसांनी पोटच्या लेकरासारखी सांभाळली होती, आणि दर फेब्रुवारीअखेर जुन्या गाड्यांच्या फेरीत गोठलेल्या सरोवरावरून ते ती स्वतः नेत. असल्या गाडीला पेट्रोलमध्येच तेल मिसळून पाजावे लागते. नुसते पेट्रोल तिला विषासमान. गराजात एकाच फळीवर दोन डबे असत, एक मिश्रणाचा, दुसरा अंगणातला बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा, निव्वळ पेट्रोलचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी रेनोने घाईत दुसरा डबा गाडीत ओतला. इसा गाडी घेऊन निघाले, आणि अर्ध्या मैलावर इंजिन किंचाळून जागच्या जागी आवळले, ते कायमचेच.

बर्फ तुडवीत परतलेले इसा म्हणाले, "मीच तेल घालायला विसरलो असणार. डोकं धड राहिलं नाही आता."

रेनो बोलणार होता, बोलला नाही. त्या एका क्षणाचे मौन पाहता पाहता आठवड्यांचे झाले. इसांनी गराजात जाणे सोडले. कॉफीचा पेला हातात घेऊन ते विचारीत, "साखर घातली का रे मी?" तो प्रश्न ऐकला की रेनो कोट चढवून बाहेर पडे. इंजिन मिळवू, बसवू, मग सांगू, असा त्याने मनाशी संकल्प केला होता.

इंजिन मात्र मिळेना. पहिल्याची बैठक दोन बोटे आखूड निघाली. दुसऱ्याच्या दांड्याचा निमुळतेपणा निराळा, त्यावर जुनी पुली बसेना. तिसऱ्यात उंदरांनी संसार थाटला होता. फेरीला पंधरा दिवस उरले असता कोणीतरी लेम्पी कांगासचे नाव सांगितले. तिचा दिवंगत नवरा अशीच इंजिने बांधीत असे.

ऐंशीच्या घरातल्या लेम्पीने वेलदोड्याचा पाव पुढे ठेवला. "बस की. इंजिन पळून जात नाही. तूच पळायच्या बेतात दिसतोस."

कापडाखाली इंजिन होते. रेनोने दांडा मोजला, बैठक मोजली. तंतोतंत.

"आधीचं कसं गेलं?" लेम्पीने विचारले.

जुन्या गाड्यांच्या या मंडळींत हा प्रश्न चुकत नाही. मुलगी देताना स्थळाची करावी तशी ही चौकशी होते, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर माल हलत नाही.

"तेलाविना, मिसेस कांगास."

"पेट्रोल कुणी ओतलं?"

"इसांनी. वय झालंय त्यांचं."

तिने कापड पुन्हा इंजिनावर ओढले. "मग नाही मिळायचं. आज विसरला तो उद्याही विसरणार. नवऱ्यानं हे तीनदा उघडून बांधलंय, कुणी जाळावं म्हणून नव्हे." जरा थांबून ती म्हणाली, "पण आर्वो? आमचा डबा नुसता हुंगून तेल कमी आहे म्हणाला होता तो एकदा. आमचे हे दोन दिवस फुगून बसले होते. तो आर्वो विसरला?"

पावाचा तुकडा रेनोच्या हातात चुरगळला. "नाही. मी ओतलं. डबा चुकला."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"कधीपासून?"

"सात आठवडे."

लेम्पीने आपला घास सावकाश संपवला. "गाढवा," ती शांतपणे म्हणाली. "ने. पण आधी सांगायचं, मग बोल्ट लावायचे. रविवारी मी आर्वोला फोन करणार आहे."

परतीच्या वाटेवर रेनोने गाडी कारण नसता दोनदा कडेला थांबवली आणि दोन्ही वेळा पुन्हा चालू केली.

इसा खिडकीशी बसले होते. रेनोने अंगावरचा कोटही काढला नाही. उभ्यानेच, एका दमात, सारे सांगून टाकले.

"सात आठवडे," इसा म्हणाले. "औषधाच्या गोळ्या तीन-तीनदा मोजतोय मी. झोपताना शेगडी बघायला दोनदा उठतो."

मग ते खिडकीपासून रेनोकडे वळले.

"पुली बसते त्यावर?"

"बसते. मोजूनच आणलंय."

"तू मोजलंस." इसा खुर्चीचे हात धरून उठले. रेनोने दंड पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "आता मी मोजतो."

ते अंगण ओलांडू लागले. रेनो दोन पावले मागून चालला. बरोबरीने चालावे की मागेच राहावे, हे त्याला गराजाच्या दारापर्यंत ठरवता आले नाही.